उंबऱ्यावरचं पीठ

कापडे गावच्या येसूबाईनं तुळशीची माळ घातली तेव्हापासून तिच्या घरात मुंग्यांचासुद्धा थाट वाढला. सकाळी चूल पेटली की पिठाची पहिली चिमूट उंबऱ्याशी मुंग्यांना, मग घास गाईला, तुकडा कुत्र्याला, आणि मग माणसं. माळ घालताना पोलादपूरच्या बुवांनी सांगितलं होतं, जिवात लहानमोठं करू नको. येसूबाईनं ते इतकं मनावर घेतलं की सुक्या मासळीचं, सुकटीचं मडकं त्याच दिवशी घराबाहेर गेलं. शेजारच्या बनुबाईनं सुकट भाजली की ही नाकाला पदर लावून तिला चार शब्द ऐकवी. बाई देवाच्या वाटेवर बरीच पुढं गेली असं गावात बोलत, आणि ते तिला आवडे, खोटं कशाला बोला.

अडचण एकच होती. मुलगा मुंबईला गिरणीत, घरात सून आवडी पोटुशी, आणि तिला डोहाळे लागले ते नेमके खेकड्यांच्या कालवणाचे. तिनं एकदाच भीत भीत विचारलं. सासूनं जिवाचं मोल समजावायला घेतलं, ते सांगून होईपर्यंत भात निवून गेला. त्यानंतर आवडीनं विषय काढला नाही, पण ताटातला भात तसाच राहू लागला. तिचे गाल बसले. डोहाळे मारू नयेत, पोराचा कान फुटतो, असं बनुबाई म्हणाली. येसूबाईनं तिकडं कानाडोळा केला.

पेरणी झाली होती, लावणीला अवकाश होता. दुपारी पाऊस उघडला की आवडी टोपली घेऊन ओढ्याकडं, वहाळाकडं जाई. विचारलं तर रानभाजी बघायला गेले होते म्हणे. टोपलीत भाजी कधी दिसली नाही. येसूबाईला चैन पडेना. ही चोरून खेकडे भाजून खाते की काय? मग गाल का बसलेत? आणि खात असेल तर आपल्या माळेचं काय? राग होताच, पण त्याहून उत्सुकता मोठी. एका दुपारी ती इरलं घेऊन सुनेच्या मागोमाग गेली आणि करंजाच्या झाडाआड उभी राहिली.

आवडीनं वहाळातला दगड उलथला. सराईत हातानं खेकडा मागून धरला, उताणा केला, पोटावरची झडप बोटानं जराशी उघडून बघितलं आणि अलगद पाण्यात सोडला. दुसरा धरला, तोही सोडला. येसूबाईला काही उमजेना. शेवटी न राहवून ती पुढं आली.

आवडी दचकली, पण हातातली खेकडी तिनं टाकली नाही, सासूसमोर धरली. झडपेखाली बारीक बारीक पिल्लं दाटीवाटीनं वळवळत होती.

"आज तरी खायचं म्हनून रोज येते, आत्याबाय," ती म्हणाली. "पन अशीच एखादी निघते. मग हात व्हत नाय."

"मग नर धर की गो," येसूबाईच्या तोंडून निघून गेलं, आणि गळ्यात माळ असताना आपण हे काय बोललो म्हणून तिनं जीभ चावली.

"ही बघितली की त्याच्यावर बी हात चालत नाय."

येसूबाई तिथंच दगडावर बसली. या पोरीला कुठल्या बुवांनी काही सांगितलं नव्हतं. आपण मुंगीची भूक विचारली, कुत्र्याची विचारली, आणि दोन जिवांची ही बाई रोज आपल्यासमोर उपाशी उठत होती. तिला स्वतःची लाज वाटली, डोळे भरून आले.

"तुला काय खावंसं वाटतं गो?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच.

आवडी थोडं हसली. "सुकट चालंल. ती आदीच मेलेली हाय."

येसूबाई वहाळावरून तडक बनुबाईच्या दारी गेली. पडवीत बायका तांदूळ पाखडत बसल्या होत्या. माळ पदराखाली सारावी म्हणून हात गळ्याशी गेला. तिनं तो खाली घेतला.

"बनुबाय, मूठभर सुकट दे," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "सुनेला पायजे."

सुपं थांबली. बनुबाई उठली. आत गेली आणि ओंजळ भरून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली तेव्हा पहिलं ताट आवडीपुढं आलं. ती पोटभर जेवून उठेपर्यंत मुंग्या उंबऱ्याशी नुसत्या फिरत राहिल्या. मग येसूबाईनं त्यांनाही पीठ घातलं, रोजच्यापेक्षा जरा जास्तच.