घंटागाडीतलं सह्यांचं रजिस्टर

आमच्या पिंपळदऱ्यात ग्रामसभा दोन ठिकाणी भरते. एक शाळेच्या पडवीत, दुसरी सह्यांच्या रजिस्टरात. पडवीतल्या सभेला वीस-बावीस माणसं, रजिस्टरातल्या सभेला शंभरावर. शंभर मतदार भरले नाहीत तर सभा तहकूब करावी लागते. म्हणून शिपाई झुंबर आदल्या दिवशी दारोदार फिरतो, भाकरी खाणाऱ्याचीही सही घेतो आणि गाव घरात बसून सभेला हजर राहतं. यात कुणाला वावगं वाटत नाही. उलट झुंबर एखाद्या दारी गेला नाही, तर ते घर रुसतं.

यंदा नोव्हेंबरातली सभा नेमकी भाताच्या सोंगणीत लागली. नेमकी म्हणजे नेमून. विषय होता पुढच्या वर्षाचा आराखडा. वित्त आयोगाकडून गावाला पैसा येतो, त्यातला काही पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा असतो. त्यातले तीन लाख सरपंच धनराजभाऊंनी देवळापुढच्या पेव्हर ब्लॉकला लावायचे ठरवले होते. यात स्वच्छता कुठे आली, असं विचारलं तर उत्तर तयार होतं : ब्लॉक बसले की चिखल नाही, चिखल नाही म्हणजे स्वच्छता.

खरी स्वच्छता करणाऱ्या गावात दोघी. आक्काबाई आणि कुसाबाई, एकाच बचत गटातल्या. दीड वर्ष त्या रोज सकाळी बॅटरीवरची घंटागाडी घेऊन तीनशे बारा घरांपुढे थांबत होत्या. ओला कचरा खड्ड्यात, सुका शेडमध्ये निवडून घोटीच्या भंगारवाल्याला. दोघींना मिळून महिना बारा हजार. हे पैसे एका योजनेतून यायचे आणि ती योजना डिसेंबरअखेर संपणार होती. पुढे गाडी चालायची तर गावाच्या आराखड्यात तिचं नाव हवं. नाव नाही आलं तर एक जानेवारीपासून गाडी बंद, शेडला कुलूप आणि आक्काबाई आंधळ्या सासूला शेजारणीच्या भरवशावर टाकून पुन्हा दिंडोरीकडे, द्राक्षबागेत मजुरीला.

सभेच्या आदल्या सकाळी झुंबर स्वतःच्याच खाचरात विळा घेऊन उतरलेला. सरपंचांना सह्या तर हव्या होत्या. त्यांनी डोकं चालवलं. गावात रोज प्रत्येक दारात थांबणारं वाहन एकच. त्यांनी रजिस्टर आक्काबाईच्या हातात दिलं.

"आक्का, कचरा घेता घेता तेवढ्या सह्या घे. तुझं जाणं हायच."

"कशाच्या सह्या, भाऊ?"

"उद्याच्या सभेच्या. नेहमीच्याच."

"पण वरती ठरावाची जागा तर कोरीच हाय."

"ग्रामसेवक मॅडम लिहितील नंतर."

"बरं," आक्काबाई म्हणाली. ती नववीपर्यंत शिकलेली. हे सरपंचांना माहीत होतं, पण त्यांनी ते हिशोबात धरलं नव्हतं.

पहिलंच दार सोमनाथ दुकानदाराचं. त्याने खोके गाडीत टाकले आणि सवयीने पेन मागितलं.

"थांब," आक्काबाई म्हणाली. "आधी ऐक. ही सही केली की तू उद्या सभेला व्हतास आन् पेव्हर ब्लॉकला हो म्हणालास. जानेवारीपासनं ही गाडी येणार नाय. आता कर सही."

"मग माझे खोके?"

"तुझे खोके तुझ्या उशाला."

सोमनाथने पेन परत दिलं. "मग नाय म्हणायचं तर कुठं सही करू?"

"नाय म्हणायला रजिस्टर नसतंय. त्याला उद्या दहाला शाळेत यावं लागतंय."

"सोंगणी हाय की गं."

"माझं भात काय आपोआप सोंगतंय?"

कुसाबाई घाबरली. "अगं, भाऊ शेडचं कुलूप बदलतील."

"बदलू दे. घंटा वाजव तू."

नाथाबाबांनी मात्र खुशाल सही ठोकली. त्यांना देवळापुढे बसायला कोरडी जागा हवी होती. आक्काबाईने रजिस्टर नीट धरून दिलं. "करा बाबा. समजून करताय, मग माझं काही म्हणणं नाय."

दुपारी रजिस्टर ग्रामपंचायतीत परत गेलं. दारं तीनशे बारा, सह्या नऊ. ते त्या दिवशी कुणी उघडूनही पाहिलं नाही. इतका विश्वास.

दुसऱ्या दिवशी दहाला सरपंचांनी ते उघडलं, नऊ नावं वाचली आणि मान वर केली. पडवीत माणसं येत होती. बायका कंबरेला विळे खोचून, थेट शेतातून. ग्रामसेवक पल्लवी मॅडमनी मोजली, एकशे छत्तीस. चटया पुरेनात.

"आक्का, तुला सह्या आणायला सांगितलं व्हतं."

"सह्यांची माणसंच आणली. चालत नाय का?"

पडवी हसली. सरपंच हसले नाहीत. ते मुरलेले गृहस्थ, त्यांनी कायदा काढला. "आयोगाच्या पैशातून पगार देता येत नाय. नियम हाय."

"पगार कोण मागतंय? गटाशी कामाचा करार करा. पेव्हरवाल्याला काय पगार देता का?"

सरपंचांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी कागदाकडे पाहिलं. "करार करता येतो," त्या हळूच म्हणाल्या.

"मग कचरा विकून भागवा की," सरपंच आक्काबाईकडे वळले. " घोटीला माल जातो ना तुमचा?"

"पुठ्ठ्याला भाव हाय, पिशवीला कोण विचारतंय? रस्त्यावरचे दिवे काय कमवून आणतात भाऊ? ते लावताच ना?"

तेव्हा सरपंचांनी शेवटचं पान टाकलं. "ठीक. गावाला गाडी पायजे ना? मग गावानं द्यावं. घरटी महिना पन्नास. बोला."

सोंगणी टाकून आलेलं गाव पन्नास म्हणताच चपला शोधू लागलं. मागून सोमनाथ म्हणाला, "वीस."

आक्काबाई उभी राहिली. "वरसाला एक लाख ऐंशी हजार लागत्यात. आमचे दोघींचे, चार्जिंग, हातमोजे, दुरुस्ती, सगळं धरून. घरटी तीस दिलं तर एक लाख बारा हजार जमतंय. उरलेलं अडुसष्ट स्वच्छतेच्या पैशातून. तीस म्हणजे दिवसाचा रुपया. सोमनाथ, तुझ्या दुकानात रुपयाला काय मिळतं?"

"शाम्पूची पुडी."

"आन् डोकं धुतल्यावर ती पुडी कोण उचलतं?"

सोमनाथने आधी हात वर केला, मग इकडेतिकडे पाहिलं. एकेक करत हात वर गेले. एकशे एकवीस. त्यांत बायकांच्या रांगेतला एक हात मीनावहिनींचा, म्हणजे सरपंचांच्या सौभाग्यवतींचा. सरपंचांनी तो पाहिला आणि छताकडे पाहू लागले.

"झालं तर," ते उठत म्हणाले. "मॅडम लिहितील निवांत."

"निवांत नाय, आत्ता," आक्काबाई म्हणाली. "आन् मधी जागा सोडू नका, मॅडम."

एकही बाई उठली नाही. मॅडमनी ठराव लिहिला, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आणि मोठ्याने वाचला. अध्यक्षाच्या सहीची जागा तेवढी राहिली.

सरपंच खुर्चीतून झुकले. आवाज खाली. "ठराव म्हणजे कागद हाय, आक्का. पैसा माझ्या सहीबिगर निघत नसतो."

आक्काबाईने आवाज खाली घेतला नाही. "नका काढू. गाडी तरी फिरंल. फक्त माल शेडात जाणार नाय, ग्रामपंचायतीच्या पायरीवर उतरंल. ओला हिकडं, सुका तिकडं, नीट निवडून."

"किती दिवस उतरवशील?"

"मला काय विचारता? तीनशे बारा घरांना इचारा, कचरा कवा थांबवत्यात ते."

सरपंचांनी पडवीभर नजर फिरवली, मीनावहिनींना चुकवून. मग खिशातलं पेन काढलं. सही केली, जरा वाकडीच. आक्काबाई वाकून शाई वाळेपर्यंत पाहत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "चला गं, अर्धं खाचर राहिलंय."