पाच रक्तपेढ्या आणि मी

मी प्रोग्रामचा एक तुकडा बोलतोय. जेमतेम चाळीस ओळींचा. एका रक्तपेढीच्या काउंटरवरच्या संगणकात मी राहतो आणि दिवसभर एकच काम करतो. विचारतो.

एखाद्या गटाचं रक्त आमच्याकडे संपलं, की शहरातल्या दुसऱ्या पाच रक्तपेढ्यांच्या संगणकांना मी विचारतो, तुमच्याकडे आहे का? बाहेरच्या प्रोग्रामला असं विचारता यावं म्हणून त्यांनी एकेक खिडकी ठेवली आहे. तिला एपीआय म्हणतात. पलीकडे काय चाललंय ते मला दिसत नाही. प्रश्न सरकवायचा आणि उत्तराची वाट पाहायची.

मला लिहिलं एका ताईने. ती कामावर नवी होती आणि तिला घाई होती. तिने मला सरळमार्गी केलं. पहिलीला विचार, उत्तर येईपर्यंत थांब, मग दुसरीला विचार. पाचही झाल्या की आकडा दाखव. तिच्या खोलीत मी सुरळीत चाललो. ती खूश झाली आणि मला काउंटरवर पाठवून दिलं.

काउंटरवर काका बसायचे. तीस वर्षं त्याच खुर्चीत. मी थांबलो की माझ्याबरोबर त्यांची सगळी स्क्रीन थांबायची. ना नाव लिहिता यायचं, ना पावती निघायची. काका बटण पुन्हा दाबायचे, मग आणखी जोरात दाबायचे. माणसांना वाटतं, जोर लावला की यंत्राला लवकर समजतं. मी आपला हूं की चूं न करता उभा. समोरची रांग मात्र काकांकडेच रागाने बघायची.

एका सकाळी तिसऱ्या रक्तपेढीचा संगणक बंद पडला होता. मी तिच्या खिडकीपाशी जो खिळलो तो खिळलोच. काकांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि फोन उचलला. चौथ्या रक्तपेढीत हवी ती पिशवी होती. तिथवर मी पोचलोच नव्हतो. मला फार ओशाळं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः आली आणि काकांच्या मागे स्टूल टाकून बसली. त्या दिवशी काकांनी मला बाजूला ठेवून फोनवरच काम केलं. ते एका रक्तपेढीला फोन लावायचे, गट सांगायचे आणि म्हणायचे, बघून मला उलटा फोन करा. ठेवला की दुसरीला. मध्येच कुणाची चिठ्ठी तपासायचे, पावती फाडायचे. फोन वाजला की उत्तर टिपून घ्यायचे.

"काका, तुम्ही फोन धरून का नाही ठेवत?" ताईने विचारलं.

"अगं, धरून बसलो तर बाकीच्यांनी काय करायचं? ते बघतील तेव्हा बघतील. माझे हात कशाला अडकवू?"

ताईने तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन मला नव्याने लिहायला घेतलं. आता मी पाचही जणींना एकदम विचारून मोकळा होतो. जिचं उत्तर येईल ते आल्या आल्या आकड्यात मिळवतो. काकांची स्क्रीन आता अडत नव्हती. बटण दाबून ते दुसरं काम उरकायचे आणि आकडा मग सावकाश बघायचे. पंधरा दिवसांत त्यांचा माझ्यावर चांगला विश्वास बसला.

आणि तिथेच घात झाला.

एक माणूस आला. सासूबाईंचं दुपारी ऑपरेशन होतं आणि त्यांचा गट दुर्मिळ. बायको त्यांच्याजवळ थांबली होती, म्हणून जावईबापू धावपळ करत होते. काकांनी बटण दाबलं. मी पाच प्रश्न पाठवले आणि लगेच आकडा दाखवला. शून्य.

ते शून्य म्हणजे उत्तर नव्हतं. ती नुसती सुरुवात होती. एकही उत्तर अजून आलं नव्हतं. ताईच्या खोलीत उत्तरं डोळ्याचं पातं लवायच्या आत यायची, त्यामुळे तिला हे शून्य कधी दिसलंच नव्हतं. इथलं नेटवर्क सुस्त. आणि काकांना माझी जुनी सवय ठाऊक. मी रखडायचो खरा, पण दाखवलेला आकडा पक्का असायचा.

"दादा, कुठेच नाही," काका म्हणाले. "शेजारच्या शहरात बघावं लागेल."

तो मान हलवून निघाला. काकांनी पुढच्याची चिठ्ठी घेतली. सहा सेकंदांनी चौथ्या रक्तपेढीचं उत्तर आलं आणि शून्याचे दोन झाले. माझं काम मी केलं होतं, पण ज्याला हवं होतं तो दाराबाहेर गेला होता. मला हाक मारता येत नाही.

चिठ्ठीवरचा गट लिहायला काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, आणि खुर्ची मागे ढकलून ते उठले. गुडघे धरलेले असताना ते जिना उतरून रस्त्यावर पळाले. पुढचं मला कळलं ते त्यांनी नंतर ताईला फोनवर सांगितलं तेव्हा. तो माणूस कोपऱ्यावर उभा होता. हातात फोन, बायकोचा नंबर समोर. पण लावला नव्हता. तिला कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत होता. काकांना दम लागला होता. त्यांनी नुसती दोन बोटं दाखवली.

ऑपरेशन वेळेवर झालं.

"चूक माझी आहे, काका," ताई फोनवर म्हणाली.

"दोघांची," काका म्हणाले. "पण पोरी, नाही आणि अजून कळलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला तेवढं नीट सांगायला शिकव."

तिने शिकवलं. आता उत्तरं यायची असली की मी तसंच लिहितो, ‘तीन ठिकाणांहून उत्तर यायचंय’. कुणी दहा सेकंदांत बोललंच नाही, तर तिचं नाव दाखवून खाली लिहितो, ‘उत्तर नाही, फोन करा’. पाचही जणी नाही म्हणाल्या, तरच शून्य.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. काका अजून त्याच खुर्चीत आहेत. शून्य आलं तरी ते एकदा मला नव्याने विचारायला लावतात, आणि मला त्याचा राग येत नाही. तिसरी रक्तपेढी अजूनही अधूनमधून गप्प बसते.

तुमच्याकडेही कुणी ना कुणी काही मागत असेल. तुम्ही लगेच हो म्हणा, असं मी सांगत नाही. बघायला वेळ लागत असेल तर लागू दे. नसेल तर नाही म्हणा. नाही ऐकलं की माणूस निदान दुसरं दार ठोठावायला मोकळा होतो. पण गप्प राहू नका. खिडकीच्या पलीकडे कोण उभं आहे, ते तुम्हाला दिसत नसतं.