किंकाळीचं बटण

आमच्या मालकांना जुन्या काळ्यापांढऱ्या इंग्रजी राक्षसपटांचं भारी वेड. लोणावळ्याजवळच्या त्यांच्या रिसॉर्टवर दर शनिवारी संध्याकाळी तळ्याकाठी आम्ही तसलाच खेळ करतो. तळ्यातून खवल्यांचा राक्षस निघतो, डॉक्टरीणबाईंना खांद्यावर टाकतो, हिरो गोळ्या झाडतो, राक्षस पाण्यात पडून मरतो. डॉक्टरीण म्हणजे मी, प्रतीक्षा. अंगात पांढरा कोट, कमरेला आवळलेला पट्टा, आणि अख्ख्या खेळात तोंडी एक वाक्य नाही.

तालमीआधी मालकांनी आम्हाला ते सिनेमे दाखवले. एकजात सगळे सारखे! बाई शास्त्रज्ञ असते, पण सगळ्यांना कॉफी तीच देते. राक्षस आला की सपाट रस्त्यावर पाय मुरगळतो तो हिचाच. मी विचारलं, "सर, राक्षस कधी एखाद्या पुरुषाला का पळवून नेत नाही?"

"ते बघायला कोण येईल?" मालक म्हणाले. "तू फक्त तोंड उघडायचं आणि बेशुद्ध पडायचं."

फक्त तोंड, कारण किंकाळीसुद्धा माझी नाही. माझा आवाज म्हणे जाडाभरडा, गावठी. म्हणून कुठल्यातरी बाईची नाजूक किंकाळी रेकॉर्ड करून आणलेली. आवाजाच्या टेबलाशी आदिनाथ बसतो. माझं तोंड उघडलं की त्यानं बटण दाबायचं, एवढंच.

आणि राक्षस कोण? माझी सख्खी थोरली बहीण, सविताताई! आधी दोन पोरं ठेवून बघितली, पण मला खांद्यावर घेऊन पाण्यातून चालायचं म्हटलं की त्यांचे पाय लटपटायचे. आमच्या गावी, औंढ्याला, भाताची पोती वाहिलेल्या ताईनं मला पहिल्याच दिवशी अलगद उचललं. मालक खूश झाले, पण वर बजावलंच, "पब्लिकला कळता कामा नये हं. बाईला कोण घाबरणार?" माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली! पण ताईनं डोळ्यांनीच दटावलं, म्हणून गप्प बसले.

त्या शनिवारी नवा मुखवटा आला. जुना मानेशी सैल होता. हा गच्च रबराचा, मागून चेन लावायचा. हातात पंजे असल्यामुळे ताईला ती चेन स्वतःची स्वतः काढता येणार नव्हती. मला ते काही बरं वाटेना.

"ताई, दम कोंडतोय का गं?"

"जरा कोंडल्यावानी व्हतंय. पर चालतंय," ती आतून म्हणाली. "पडल्यावर लगीच वर येती की."

खेळ सुरू झाला. काठावर पर्यटकांची ही गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर. ताईनं मला उचललं, आदिनाथनं किंकाळी सोडली, हिरो झालेल्या संदेशनं पिस्तूल काढलं. ताईनं मला काठावर टाकलं आणि ती उताणी पाण्यात कोसळली. संदेशला काही मी उचलवत नाही, म्हणून तो गुडघ्यावर बसून मला मांडीवर घेतो आणि माइकवर लांबलचक भाषण ठोकतो. तेवढ्यात ताई पाण्याखालून लव्हाळ्यात सरकते आणि गुपचूप डोकं वर काढते. मी एक डोळा किलकिला करून बघत होते. लव्हाळं हललं नाही.

अजून थोडं थांबले. नुसते बुडबुडे येत होते, तेही आमच्यासमोर, ती पडली होती तिथंच.

"ताई!" मी ओरडले.

आदिनाथनं माझं उघडलेलं तोंड बघितलं आणि दाबलं बटण! स्पीकरमधून ती नाजूक किंकाळी अशी फुटली की माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"ताई बुडतीय! अरे, काढा तिला!"

पुन्हा किंकाळी. लोक शिट्ट्या मारायला लागले. मी जितकं ओरडावं, तितकं ते मेलं बटण दाबलं जाई. संदेशनं मला छातीशी आवळलं. "घाबरू नका डॉक्टर, मी आहे ना!" हे माइकवर. मग ओठ न हलवता हळूच, "जरा कमी कर की ॲक्टिंग."

आता बुडबुडेही थांबले. आईला काय सांगू?

कडकडून चावले मी संदेशच्या हाताला. त्यानं मला सोडलं, पब्लिक खदखदून हसलं, आणि मी पाण्यात उडी टाकली. पाणी जेमतेम कमरेएवढं, पण राक्षसाच्या पोशाखातला स्पंज इतका वेळ पाणी पिऊन दगड झालेला. ताई उताणीच होती. एका पंजानं तिनं माझा कोट घट्ट पकडला, आणि बघता बघता तो पंजा सुटला. पाय रोवून, खांदा लावून तिला कशीबशी पालथी केली. मुखवट्यात पाणी भरलेलं, चेन अडकलेली. बोटं घसरत होती, म्हणून दातांनी धरून ओढली. वर काठावर टाळ्या चालूच.

मुखवटा निघाला तेव्हा ताईचे ओठ काळेनिळे पडले होते. तिला काठावर ओढलं, पाठीत धपाटे घातले. "ऊठ गं! ऊठ ना बये!" ताई हलेना. अजून एक धपाटा घातला, आणि तिच्या तोंडानाकातून भसकन पाणी आलं. खोकली. श्वास घेतला. मी तिथंच चिखलात बसून ढसाढसा रडले.

टाळ्या थांबल्या होत्या. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "अय्या, राक्षस बाई आहे!"

मग सगळे धावले. मालक चादर घेऊन आले, चेहरा पांढराफटक. चादर ताईच्या अंगावर टाकली आणि माझ्यावरच खेकसले, "अगं प्रतीक्षा, अक्कल आहे का तुला? एवढं झालं होतं तर ओरडायचं नाही का?"

"तेच की," हात चोळत संदेश म्हणाला. "नुसती हाक मारली असतीस तरी मी उडी टाकली असती."

त्यांना अस्सं फाडून खावंसं वाटलं! पण तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा आली. आवाज पार बसला होता.

ताईनं हाताच्या पालथ्या पंजानं तोंड पुसलं. मालकांकडं मान वर करून बघितलं.

"ती वरडत व्हती," ताई म्हणाली. "मला पान्याखाली ऐकू येत व्हतं."