गवत ओलं होतं

मॅच असली की डर्व्हला लेकीला, नेसाला, घेऊन गोलच्या मागे उभी राहायची. तिथून खेळ चांगला दिसतो अशातला भाग नव्हता. निम्मा खेळ जाळीतूनच पाहावा लागायचा. पण मैदानाच्या कडेला सगळं किलब्रॅकन गाव तारेला पोट टेकून उभं असायचं, आणि तिथली तोंडं तिला नको होती. सकाळी चर्चमध्ये शेजाऱ्याचा हात हातात घेऊन 'शांती असो' म्हणणारी माणसं दुपारी रेफरीच्या आईचा उद्धार करायची. गेल्या वर्षी नेसाने, पाच वर्षांची पोर ती, जेवताना एक शब्द उच्चारून त्याचा अर्थ विचारला. तिचा नवरा कोलमन हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. पुढच्या मॅचपासून डर्व्हलाने कडेची जागा सोडली.

काळजी करणं हा माझ्या बायकोचा जोडधंदा आहे, असं कोलमन चारचौघांत सांगायचा. तिचा मुख्य धंदा म्हणजे गावातलं औषधांचं दुकान. डब्लिनला शिकलेली, फार्मसीची पदवी घेतलेली मुलगी हर्लिंग खेळणाऱ्या शेतकऱ्याशी लग्न करून इथे आली आणि गावातलं ते एकमेव दुकान तिने चालवायला घेतलं. सात वर्षं झाली तरी ती 'डब्लिनवाली'च होती. सासऱ्यांनी मात्र तिला पहिल्या दिवसापासून 'पोरी' म्हटलं होतं.

गोलच्या मागे तिच्या सोबतीला सासरेच असायचे. डिनी हॅकेट हर्ल्या बनवायचे. हर्ली म्हणजे या खेळाची काठी, वर मुठीला बारीक, खाली पंज्यासारखी रुंद. आसपासच्या चार गावांतले खेळाडू डिनींच्याच हर्लीने खेळायचे. लाकडाच्या रेघा बघून ते सांगायचे, ही काठी कुठे वाकेल आणि कुठे तुटेल. मॅचच्या दिवशी जादा हर्ल्यांची जुडी बगलेत घेऊन ते गोलमागे उभे राहत. कुणाची मोडली की तो धावत यायचा आणि डिनी त्याच्या उंचीची नेमकी उपसून द्यायचे. मधल्या वेळात खिशातून नेसाला गोळ्या. नेसाच्या बाळपणीचा पाळणाही त्यांनीच घडवला होता.

त्या रविवारी उपांत्य सामना होता, गुर्टमोरशी. गुर्टमोर म्हणजे नदीपलीकडचं गाव, म्हणजे शत्रू. रेफरी तिसऱ्याच गावचा, एन्डा नावाचा तरुण मास्तर. रेफरीने गोलवरचे अंपायर आपले आपण आणायचे, अशी इथली रीत. भाऊ, मेहुणा, शेजारी, जो रविवारी मोकळा असेल तो. एन्डाने काका आणले होते. मलाकी, सत्तरीचे, एकटा जीव, किलब्रॅकनच्या वेशीवरच राहणारे. डिनी आणि ते शाळेत एका बाकावरचे. पांढरा कोट घालून मलाकी खांबापाशी उभे राहिले तेव्हापासून दोघांची जाळीतून जुंपलेली होती.

"मलाकी, त्या कोटात तू अगदी खाटीक दिसतोस," डिनी म्हणाले.

"मग जरा लांबच उभा राहा. पोसलेला दिसतोयस."

डर्व्हलाही हसली होती. मलाकी तिला चांगले ठाऊक होते. दर महिन्याला दुकानात यायचे, रक्त पातळ करायच्या गोळ्या न्यायचे आणि जाताना दर वेळी तोच विनोद करायचे, की पोरी, माझं रक्त पातळ नाही, स्वस्त आहे.

मॅच संपत आली तेव्हा किलब्रॅकन एका गुणाने मागे होतं आणि चेंडू कोलमनकडे आला. त्याने तो धावता धावता मारला. दोन खांबांच्या मधून वर गेला तर गुण, बरोबरी आणि पुन्हा मॅच. बाहेरून गेला तर वर्ष संपलं. चेंडू इतका उंच गेला की खांबाचं टोक खालीच राहिलं. मलाकींनी मान वर करून पाहिलं, क्षणभर थांबले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. बाहेर.

डर्व्हलालाही तो बाहेरूनच गेलेला दिसला होता. मारणारा स्वतःचा नवरा होता, तरीही.

शिट्टी वाजली. लोक तारेवरून उड्या मारून मैदानात घुसले ते थेट एन्डाच्या अंगावर. त्याच्या शर्टाची कॉलर कुणाच्या तरी मुठीत होती, एक बाई छत्रीने त्याला ढोसत होती. सगळ्या पाठी इकडे होत्या. गोलमागे उरले होते चौघेच.

डिनी जाळीला वळसा घालून गेले. जुडीतली एक हर्ली त्यांच्या हातात होती. ती मलाकींच्या कानाच्या वर बसली. आवाज फार मोठा झाला नाही. दाराची कडी पडावी एवढाच. मलाकी एका गुडघ्यावर बसले, जणू चर्चमध्ये आहेत. मग त्यांनी गवतातली टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि खांबाला धरून उठले.

डिनींनी हर्ली डोळ्यांपुढे धरली. अंगठा लाकडाच्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. तडा गेलाय का ते पाहिलं. गेला नव्हता. त्यांनी ती पुन्हा जुडीत खोचली.

"चल नेसा," ते परत येऊन म्हणाले, "गाडीत बसू. गारठा पडलाय."

नेसाने आईचा हात सोडला नाही. आजोबा पुढे गेल्यावर तिने विचारलं, त्यांनी का मारलं? का मारलं ते मला माहीत नाही, डर्व्हला म्हणाली. पण आपण दोघींनी पाहिलं ना? मग पाहिलं ते पाहिलं. लेकीला घाबरवायचं नाही आणि खोटंही सांगायचं नाही, एवढंच त्या वेळी तिला सुचलं.

गाड्या लावतात त्या माळावर मलाकी एन्डाच्या गाडीचं दार उघडं टाकून बसले होते, पाय बाहेर. मांडीवर हॅम सँडविच, पण खात नव्हते. भोवती पाच-सहा जण. क्लबचा अध्यक्ष क्रिस्टी समजुतीच्या स्वरात सांगत होता, की जरा ढकलाढकली झाली, म्हातारा माणूस, गवत ओलं होतं, पाय सरकला. मलाकीही मान डोलावत होते. हो, हो, पाय सरकला. ढुंगणावर आपटलो. त्यापेक्षा जास्त अब्रू काय जाणार. माणसं हसली. कोलमन हर्ली खांद्यावर टाकून बाजूला उभा होता. त्याने डर्व्हलाला येताना पाहिलं आणि तिचा चेहरा पाहून डोळ्यांनीच 'नको' म्हटलं.

ती मलाकींसमोर वाकली. डोकं दुखतंय का? थोडंसं. उलटीसारखं वाटतंय? ते सँडविचकडे पाहत म्हणाले, हे कालचं हॅम असेल. टोपीखालून रक्ताचा थेंब नव्हता, आणि तिला भीती त्याचीच होती. जे बाहेर आलं नाही ते आत साठतं. त्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात रक्त सुरू झालं की सहज थांबत नाही. माणूस हसत घरी जातो, झोपतो आणि उठत नाही. आणि हा माणूस एकटा राहत होता.

"एन्डा, यांना आत्ता हॉस्पिटलात ने," ती म्हणाली. "हे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात."

एन्डा दचकला. त्याला ठाऊकच नव्हतं. काका, कसल्या गोळ्या? मलाकी लालबुंद झाले आणि डर्व्हलाकडे न पाहता म्हणाले, ते काही नाही रे, म्हातारपणाच्या. आणि मी आपटलो ढुंगणावर, डोक्याचा संबंध काय?

"बघ," क्रिस्टी म्हणाला. "बाई, उगाच का घाबरवतेस माणसाला? घरी जाऊन गरम चहा घेऊ दे."

एन्डा तिच्याकडे पाहत होता. डोक्याला लागलं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. डिनी दहा पावलांवर आपल्या गाडीच्या मागच्या भागात हर्ल्या भरत होते. एकेक, सांभाळून. नेसा तिच्या कोटाला धरून उभी होती.

"डोक्यालाच लागलंय," डर्व्हला म्हणाली. "हर्लीने. कानाच्या वर. डिनींनी मारलं. मी पाहिलं."

तिला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तो झाला असता तर बरं झालं असतं.

एन्डाने गाडी काढली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत मलाकींचं बोलणं जड झालं होतं. कवटीच्या आत रक्त साकळत होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं आणि ते वाचले. तासभर उशीर झाला असता तर वाचले नसते, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एन्डाला सांगितलं. एन्डाने ते डर्व्हलाला फोनवर सांगितलं आणि आभार मानले. तेवढेच आभार. नंतर कुणी मानले नाहीत.

कोलमनने घरी आल्यावर भांडण केलं नाही. तो स्वयंपाकघरात बसून पायाची चिखलाने माखलेली पट्टी सोडत होता.

"घसरले आणि खांबावर डोकं आपटलं, असं म्हणाली असतीस," तो म्हणाला. "तरी नेलंच असतं ना? डोक्याचा फोटो काढलाच असता. जीव वाचलाच असता. माझ्या बापाचं नाव कशाला हवं होतं?"

तो म्हणाला ते खरंच होतं. तिला तेव्हा सुचलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे तिला आजही सांगता आलं नसतं. नेसा तिथेच उभी होती, एवढंच ती म्हणाली. कोलमन म्हणाला, नेसा सहा वर्षांची आहे. चार दिवसांत विसरली असती.

मग जे झालं ते हळूहळू झालं. रेफरीने आपल्या अहवालात डर्व्हलाने सांगितलं ते लिहिलं. क्लबवर बंदी आली, डिनींना मैदानात पाऊल ठेवायची मनाई झाली, दोन्ही सुनावणी होईपर्यंत. पण गावात चर्चा हर्लीची नव्हती, गोळ्यांची होती. डब्लिनवालीने मलाकींचा आजार भर मैदानात सांगितला. आज त्यांचा, उद्या तुमचा. जे काउंटरवर कानात सांगायचं ते ही माळावर ओरडते. ज्यांनी रेफरीची कॉलर धरली होती तेच आता गुप्ततेच्या नियमावर बोलत होते. आणि याही आरोपात खोट काढायला जागा नव्हती. तिने सांगितलंच होतं. आधी बायका मूळव्याधीच्या मलमासाठी नदीपलीकडे जाऊ लागल्या, नंतर खोकल्याच्या औषधासाठीही. शत्रूच्या गावात.

डिनी घरी येईनासे झाले. नेसाला आजोबांकडे न्यायचा आणि आणायचाही कोलमनच.

सुनावणीच्या दिवशी डर्व्हलाने निळा ड्रेस घातला. आपण काय सांगायचं ते तिने मनात पुन्हा पुन्हा जुळवलं: कुठे उभी होते, किती लांब, कोणत्या हातात हर्ली. सभागृहाबाहेरच्या बाकावर ती बसून राहिली. मलाकी आले, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. तिच्यासमोरून आत गेले आणि थोड्याच वेळात बाहेर आले. काय सांगितलं ते तिला नंतर कळलं. गवत ओलं होतं. पाय सरकला, खांबावर डोकं आपटलं. डिनी हॅकेट माझा पन्नास-साठ वर्षांचा मित्र आहे, त्याचं नाव कुणी घेतलं ते मला माहीत नाही. मार खाणाराच म्हणतो मार बसला नाही, तर समिती काय करणार? डर्व्हलाला कुणी आत बोलावलंच नाही. बंदी उठली.

ती उठून मलाकींच्या मागे अंगणात गेली. त्यांना थांबवून विचारलं, का?

ते बराच वेळ आपल्या गाडीची किल्ली शोधत राहिले.

"मला इथेच मरायचंय, बाई," ते म्हणाले. "आणि मेल्यावर खांदा द्यायला तू येणार नाहीस. डिनी येईल."

बाई. पोरी नव्हे. मग गाडीत बसता बसता, जणू तिच्या भल्यासाठीच सांगतायत अशा सुरात म्हणाले, तुझ्या मनात वाईट नव्हतं, ते मला कळतं. पण जीव वाचवलास तिथेच थांबायचं होतंस. कुंपणाबाहेर डिनी सिगारेट ओढत उभे होते. मलाकींची गाडी त्यांच्यापाशी थांबली, दार उघडलं, डिनी आत बसले आणि गाडी बारच्या दिशेने गेली.

वसंतात लहान मुलांचा सराव सुरू झाला. नेसाला नवी हर्ली आली. कोलमनच्या गाडीतून, निरोपाशिवाय. बरोबर तिच्या उंचीची, मुठीला निळी पट्टी. लाकूड सुंदर होतं. डर्व्हलाने अंगठा रेघेवरून फिरवला आणि आपण काय करतोय ते लक्षात येताच हर्ली खाली ठेवली.

शनिवारी ती लेकीला सोडायला गेली. तारेपाशी उभ्या बायका थोड्या सरकल्या, तिला जागा देण्यासाठी नव्हे. पलीकडच्या गोलवर पांढऱ्या कोटात मलाकी उभे होते. डाव्या कानाने आता ऐकू येत नसल्याने उजवा कान पुढे करून. जाळीमागून डिनी त्यांना थर्मासमधला चहा ओतून देत होते. दोघं कशावर तरी हसले.

नेसाबरोबर खेळणाऱ्या एका मुलीने हर्लीने त्या बाजूला दाखवत विचारलं, की तुझ्या आजोबांनी त्या आजोबांना मारलं होतं ना, तुझी आई सांगते तसं?

नेसाने आईकडे पाहिलं नाही. ती बुटाची नाडी बांधत होती.

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "गवत ओलं होतं. ते घसरले. मी तिथेच होते, मी पाहिलंय."

मग ती उठली आणि गोलकडे, आजोबांकडे पळत सुटली. डर्व्हला तिच्या मागे दोन पावलं गेली. तिकडे डिनी वाकून नातीच्या हेल्मेटचा पट्टा घट्ट करत होते, चांगला नीट, हनुवटीखाली बोट घालून तपासून, डोक्याला लागू नये म्हणून. डर्व्हला थांबली. तिने नेसाची पाण्याची बाटली तारेपाशी ठेवली आणि गाडीत जाऊन बसली.