बाबलीच्या घरचा पाट

किशोरीने सोंडेवर गुलाबी रंगाचा शेवटचा हात फिरवला आणि ब्रश पाण्यात बुडवला. जामसंड्याच्या या गणेशशाळेत यंदा मूर्तींचे डोळे ती काढणार होती. डोळे काढलेली मूर्ती पुजल्यावाचून ठेवायची नाही, अशी तिथली रीत; म्हणून आजवर तिचे वडील, महादू मेस्त्री, त्या कामाला कुणाला शिवू देत नसत. आता त्यांचा उजवा हात थरथरायचा, म्हणून नाइलाज. पुण्यातली अ‍ॅनिमेशनची बरी नोकरी सोडून ती परत आली, तेव्हा पोरीला दुर्बुद्धी सुचली असं गाव म्हणाला. गाव म्हणतो ते खरं निघालं तर, या भीतीने तिला झोप नव्हती.

बाहेर वारा पिसाळला होता. समुद्राची गाज एवढ्या आत सहसा येत नसे, आज येत होती. वडिलांचा फोन सारखा वाजत होता आणि तो घेऊन ते दर वेळी अंगणात जात. शेवटी त्यांनी छत्री उचलली. घरोघरचे पाट शाळेत येतात आणि मूर्ती त्यांवरच घडते. त्यांतल्या ट्रॉलरवाल्या बाबली तांडेलाच्या पाटावरच्या मूर्तीकडे त्यांनी बोट दाखवलं.

"तेका डोळे काढू नको."

"कित्याक?"

त्यांनी मूर्तींकडे नजर टाकली. मूर्तींसमोर अभद्र बोलायचं नाही, हा त्यांचा जुना कायदा. कुणी आजारपणाचा विषय काढला तरी ते त्याला अंगणात पिटाळत.

"नको म्हटलंय मां," एवढंच बोलून ते बंदराकडे गेले.

किशोरीला ते झोंबलं. बाबलीची मूर्ती तिने एकटीने घडवलेली, शाळेतली सगळ्यांत देखणी. म्हणजे आपल्या हातावर भरवसा नाहीच तर! ती तशीच पाटासमोर बसली. श्वास रोखून रेघ ओढली, बुबुळ भरलं, त्यात पांढरा ठिपका टेकवला, आणि मूर्तीने तिच्याकडे पाहिलं. तिला आनंदाने रडू फुटलं. आपण यासाठीच जन्माला आलो, हे आता कुणाला विचारायला नको होतं.

वडील परतले ते उंबऱ्याबाहेरच थांबले. त्यांनी तिला हाताने बाहेर बोलावलं.

"बाबलीचो ट्रॉलर गावलो," ते हळू म्हणाले. "उलटो. आत कोण नाय. सुतक येतला, तसाच दिसता. औंदा तेंचो गणपती बसूचो नाय."

मग त्यांची नजर तिच्या हातातल्या काळ्या ब्रशावर गेली. ते पायरीवर बसले.

"बाबानू, माका सांगूक व्हया होता."

"देवासमोर कसा सांगू गो?"

तेवढ्यात फाटक वाजलं. बाबलीची बायको सुगंधा दर वर्षीसारखी मूर्ती बघायला आली होती. तिला कुणी काही कळवलेलं नाही, हे तिच्या चालीवरूनच दिसत होतं. या दोघांना तोंड उघडायला वेळ न देता ती चप्पल काढून आत गेली आणि आपल्या पाटासमोर हात जोडून उभी राहिली.

"काय डोळे काढलंस गो किशोरी!" ती न वळता म्हणाली. "तेंचो फोन लागणा नाय, जीव थाऱ्यार नव्हतो. आता बरा वाटला. माझ्याकडेच बघता."

किशोरीने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. ती उंबरा ओलांडून आत गेली.

"वहिनी, जरा भायर येतंस?"

"रव गो," सुगंधा म्हणाली. "आजून वायच बघूंदे."