तिसरा नमस्कार

मी लेथ बोलतोय, लोखंड कातायचं यंत्र. आवाज जरा घोगरा वाटेल, कारण बऱ्याच दिवसांत अंगात तेल पडलेलं नाही. दक्षिण कोरियातल्या चांगवॉन शहराबाहेरच्या भंगाराच्या आवारात मला आणून टाकलंय. अंगावर गंज चढतोय आणि माझ्या डोक्याला बांधलेला एक वाळका मासा वाऱ्यावर हलतोय. त्या माशाचं पुढे सांगतो.

माझं ओतकाम कुठे झालं ते मला आठवत नाही. आठवतं ते माझं बारसं. कंपनी तेव्हा लहान होती. पत्र्याच्या शेडमध्ये शेतीच्या यंत्रांचे दांडे बनवायची. मला आणलं त्या दिवशी सगळे कामगार माझ्यासमोर जमले. टेबलावर लाल चवळीचा थर दिलेल्या तांदळाच्या वड्या, तांदळाची दारू आणि मधोमध डुकराचं उकडलेलं मुंडकं. ते मुंडकं हसरंच लागतं, आणि ते हसतही होतं. जन्मभर राबायचं मला होतं, हसायला त्याचं काय जात होतं!

मग एकेक जण पुढे आला, गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून त्याने मला तीन नमस्कार केले. रीतच आहे तशी. जिवंत वडीलधाऱ्यांना एक, मेलेल्यांना दोन, आणि ज्यांच्या मर्जीवर पोट चालतं अशा आमच्यासारख्यांना तीन.

सगळ्यांत मनापासून वाकला तो ओक पान-सू. गोजे बेटावरून आलेला हडकुळा गडी. त्यालाच माझ्यावर नेमलं होतं. माझा आवाज जरा बदलला की तो माझ्या अंगावर तळवा ठेवून विचारायचा, "काय रे, पोटात दुखतंय का?" असं मला दुसऱ्या कुणी कधी विचारलं नाही.

कंपनीने भराभर अंग धरलं. दांडे गेले, तोफांचे भाग आले. मग हेलिकॉप्टरचे, मग विमानाच्या इंजिनांचे. पत्र्याच्या शेडच्या जागी काचेची इमारत आली, फाटकावर पहारा बसला, आत येणाऱ्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायला लागले. नव्या यंत्रांना आपापल्या खोल्या आणि गार हवा. मी एका कोपऱ्यात.

अशातच एके दिवशी कंपनीने पान-सूसारख्या जुन्या मुकादमांना बोलावून सांगितलं, तुम्हाला आम्ही मालक करतोय. आपापलं यंत्र न्या, स्वतःचं दुकान काढा, काम आम्ही पाठवू. पान-सू घरी नाचतच गेला असणार. दुसऱ्या दिवशी त्याची बायको माल-सुक मला बघायला आली.

"मालक व्हा म्हणाले?" तिने विचारलं. "मग पगार कोण देणार?"

"मालकाला पगार नसतो गं."

"तेच म्हणतेय मी."

पण पान-सूच्या डोक्यात मालकपणाचं वारं शिरलं होतं. गल्लीतल्या एका गाळ्यात त्याने मला बसवलं. पुन्हा डुकराचं मुंडकं आलं. माल-सुकने खाटकाशी हुज्जत घालून त्यातल्या त्यात हसरं आणलं होतं. तिनेच वाळक्या माशाला पांढरा दोरा गुंडाळून माझ्या डोक्याला बांधला, दुकानाला बरकत यावी म्हणून. प्यो जोंग-हाकही आला. माझ्यावरच पान-सूच्या हाताखाली शिकलेला हा पोरगा कंपनीत साहेब झाला होता. टाय खांद्यावर टाकून तोही तीनदा वाकला.

"दादा, कंपनी वाढली की तुम्हीही वाढणार बघा."

"ऐकलंत ना मालक?" माल-सुक म्हणाली. "आता झाडू घ्या आणि हे उष्टं-खरकटं काढा."

काही वर्षं बरी गेली. माझं पोट भरलेलं असायचं. दुपारी माल-सुक किमचीचं कालवण आणि भात घेऊन यायची, दोघं माझ्या शेजारी खोक्यांवर बसून जेवायची. गिऱ्हाईक एकच, कंपनी. दुसरं कुणी शोधायचं पान-सूच्या मनातही आलं नाही. घरच्यांना सोडून परक्याकडे कशाला जायचं, असं तो म्हणायचा.

मग परदेशातून कंपनीला मोठमोठी कामं मिळाली. रस्त्यावर अभिनंदनाचे फलक लागले. पान-सूने अख्ख्या गल्लीला दारू पाजली. आणि त्यानंतर आमचं काम आटत गेलं. मला वाटलं, मोठं काहीतरी येणार असेल म्हणून हात मोकळे ठेवताहेत. पान-सूलाही तसंच वाटत होतं.

एका सकाळी प्यो आला, हातात ज्यूसच्या बाटल्यांचा खोका.

"खोका घेऊन आलाय," माल-सुक पुटपुटली. "म्हणजे बातमी वाईट आहे."

प्यो बसला नाही. "दादा, नव्या हॉलमध्ये आम्ही दिवेसुद्धा लावत नाही. माणूसच नाही, तर उजेड कुणासाठी? तुमचं काम पुढच्या महिन्यापासून तिथेच होणार."

"तू यंत्राला हात लावायला माझ्याकडे शिकलास, जोंग-हाक."

"म्हणून तर स्वतः आलो दादा. बाकीच्यांना फोनवर कळवलं."

पान-सूने माझ्या अंगावर तळवा ठेवला. या वेळी पोट माझं दुखत नव्हतं.

त्यानंतरही तो रोज सकाळी मला चालू करायचा. काम नसायचं. मी रिकामाच फिरत राहायचो. असं रिकामं फिरणं किती जीवघेणं असतं ते तुम्हाला कसं सांगू!

"वीज कशाला जाळताय?" माल-सुक विचारायची.

"आवाज बंद झाला तर गल्लीला कळेल गं."

गल्लीला कळलेलंच होतं. शेजारचे गाळे केव्हाच बंद पडले होते. शेवटी भंगारवाल्याची क्रेन आली. पान-सूने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. माल-सुकने माझ्या पायाशी थोडी दारू ओतली. मुंडकं नव्हतं. पान-सू गुडघे टेकून वाकला. उठला, पुन्हा वाकला. मग गुडघ्यांवरची धूळ झटकून बाजूला झाला.

मी तिसऱ्याची वाट बघत होतो.

"अहो," माल-सुकने त्याची बाही धरली, "यंत्र अजून चालतंय."

"चालून करायचंय काय? चला हो, उचला."

हातातली नवी टोपी त्याने डोक्यावर चढवली. दुसऱ्या दिवसापासून तो कुठल्याशा इमारतीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहणार होता. तो मासा सोडायची आठवण कुणालाच राहिली नाही.

आता भट्टीची गाडी येईल. मला वाचवा असं मी म्हणत नाही, वाचून मला तरी काय करायचंय? पण चांगवॉनला कधी गेलात आणि एखाद्या फाटकावरच्या हडकुळ्या म्हाताऱ्याने तुमच्या गाडीला वाकून सलाम केला, तर काच खाली करा. त्याला म्हणावं, पान-सू, तू दोनवर थांबलास तेव्हा लेथ जिवंत होता रे.