ओला चुरा

जुन्या टायरांचा बारीक चुरा डांबरात मिसळला की रस्ता जास्त टिकतो. तो मिसळायच्या टाकीवर ताई होती आणि तिच्या डोक्यावर मुकादम म्हणून तिचाच धाकटा भाऊ.

त्या दुपारी ताईने नवी गोणी उघडून चुरा मुठीत दाबला. पाणी निथळलं.

"हा टाकायचा नाही. डांबर एकशे ऐंशीवर तापलंय, पाणी लागलं की उसळेल."

"रोलर उभा आहे, माणसं बसून आहेत. तुझं दरवेळी काहीतरी असतंच!"

"आधी वाळव."

तिने पान्याने बर्नर बंद केला. भावाच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने फावड्याचा दांडा तिच्या खांद्यावर हाणला. ती कोलमडली, उठली आणि हातातला पाना तिने सरळ त्याच्या तोंडावर मारला. नाक फुटलं. कामगार ओरडले, पण मध्ये पडायची कुणाची छाती झाली नाही. रक्त न पुसताच त्याने गोणी उचलली आणि टाकीत उपडी केली.

टाकी गुरगुरली. काळा फेस उसळून बाहेर आला आणि त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत चिकटला.

तो किंचाळत जमिनीवर लोळला, दुसऱ्या हाताने डांबर ओरबाडायला लागला. ताई झेपावली. डांबराबरोबर कातडी सोलून येणार, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याच्या छातीवर गुडघा रोवला, मोकळा हात पिरगळून दाबून धरला. तो तिला कडकडून चावला. तिने कानशिलात लगावली, पुन्हा लगावली.

"पाणी आणा! पिंपच ओता हातावर!"

दवाखान्याची गाडी येईपर्यंत अर्धा तास ती उठली नाही. आधी त्याने शिव्या घातल्या. मग तो आईला हाका मारायला लागला, तेव्हा तिलाही रडू फुटलं. गुडघा मात्र तिने सैल सोडला नाही.

डांबर ओढलं असतं तर हात गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. ताईच्या खांद्याचं हाड तडकलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती हात झोळीत अडकवून त्याच्या खाटेपाशी बसली.

"नाक तू फोडलंस," तो म्हणाला.

"फोडलंच."

"आईला सांगितलंय, पडलो म्हणून."

"खरं सांग तिला. आणि बरा झालास तरी टाकीजवळ फिरकायचं नाहीस. मालकाशी बोलून आलेय मी."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. तिकडेच बघत म्हणाला, "खांदा?"

"दुखतोय," ती म्हणाली आणि बसून राहिली.